मनीच्या तिकिटाचे पैसे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही रावेरकडच्या माहेरच्या शाळेत, अर्धे दिवस धाकट्या भावाला कडेवर घेऊन. त्यानंतर पेन हातात आला तो बचतगटाच्या वहीत सही करण्यापुरता. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांना हसावं, पण अर्धवट वाचून ठेवू नये. अर्धवट वाचलं तर मी आहे त्यापेक्षा बरी वाटेन.

कालपासून आमच्याकडे कापणी लागली. दापोऱ्यात केळी कुठं ना कुठं कापली जातेच, पण ज्येष्ठातली कापणी वेगळी. सकाळी सहालाच ऊन अंगावर येतं. बागेत मात्र ओल असते, पायाखाली जुनी पानं कुजत असतात, आणि कापलेल्या दांड्याचा तुरट वास नाकात बसतो तो जेवतानाही जात नाही. दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी कपड्यावर काळा डाग उठतो आणि मग तो कपडा फाटेपर्यंत राहतो. दरवर्षी हा वास आला की मला सहा वर्षांमागचा हंगाम आठवतो. आठवतो म्हणजे काय, मी भाकरी थापत असते आणि एकटीच मान खाली घालते.

मनीषा माझी नणंद. सगळे मनी म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि दुसऱ्याच वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून तिची वेणी मीच घातली, तिच्या उवा मीच काढल्या. मला भाभी म्हणायची, पण ताप आला की माझ्याच कुशीत शिरायची. मला मूल झालं नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही.

कापणीत एक जण घड कापतो आणि दुसरा खाली खांद्यावर गोधडी टाकून उभा राहतो. घड खाली आला की खांद्यावर झेलायचा. जमिनीला टेकला तर केळ काळं पडतं आणि व्यापारी भाव पाडतो. हे काम पुरुषांचं. पण मनी सतरा वर्षांची असताना टोळीतला एक माणूस आजारी पडला, ट्रक दारात उभा, आणि तिनं गोधडी उचलून खांद्यावर टाकली. ह्यांनी, म्हणजे तिच्या भावानं, तिला एकच गोष्ट सांगितली, "हात लावायच्या आधी डोळ्यानं धर." त्या दिवशी तिनं एकही घड पडू दिला नाही. पुढं ती बुऱ्हाणपूरला कॉलेजात जायला लागली, तरी सुट्टीत टोळीबरोबर जायची आणि बरोबरीची मजुरी घ्यायची.

कॉलेजात खेळाचे एक नवे सर आले होते. त्यांनी तो चेंडू आणला. मनी पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा आमच्या शेजारच्या शांताकाकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"काय वो हे? पपई आणली का?"

"काकू, फुटबॉल आहे."

"फुटबॉल गोल राहतो. मला काय येडी समजून राहिली का?"

"ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल आहे हा. तिकडे असाच राहतो."

"म्हणजे त्यांना गोल शिवता येत नाही." काकूंनी लसणाचं टरफल फुंकून उडवलं. "मग आपल्या इकडे कशाला पाठवला?"

चेंडू लाल होता, दोन्ही टोकांना निमुळता. जमिनीवर टाकला की कुठं उडेल ते सांगता येत नसे. एकदा तो सरळ काकूंच्या लोणच्याच्या बरणीवर गेला. बरणी फुटली नाही, पण काकू आठ दिवस ती बरणी रस्त्यानं जाणाऱ्याला दाखवत होत्या.

मनीनं मला तो खेळ स्वयंपाकघरात शिकवला. मी भाकरी थापत होते, तिनं परातीच्या कडेला चार पेले मांडले, मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. "ये देख भाभी. उंच खांबांच्या मधून मारला तर सहा. थोडा चुकला आणि उंच आणि बुटक्याच्या मधून गेला, तरी एक मिळतो."

"चुकल्याचाही?"

"चुकल्याचाही. थोडक्यात चुकल्याचा."

मग तिनं सांगितलं की हातानं फेकायचा नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीनं मारायचा. घेऊन पळायचं, पण पळताना मधूनमधून जमिनीवर आपटून परत झेलायचा. आणि कुणी लांबून पायानं मारलेला चेंडू वरच्यावर झेलला, तर सगळ्यांनी थांबायचं. झेलणारीला कुणी हात लावायचा नाही. तिनं शांतपणे उभं राहून, नीट बघून, मग मारायचं.

"पंधरा पोरी अंगावर येऊन राहतात, भाभी, आणि तू झेलला की सगळ्या थांबतात. एकदम चुप." हे सांगताना तिचे डोळे कुठंतरी दुसरीकडे होते. तव्यावरची भाकरी करपली.

घड झेलणाऱ्या मुलीला चेंडू झेलणं अवघड नव्हतं. सर म्हणायचे, इतर मुलींना उंच उडायला शिकवावं लागतं, ही आधीच तिथं असते. बागेतले बांबू मागून नेऊन त्यांनी नदीकडच्या मोकळ्या जागेत चार खांब रोवले. जिल्ह्यात हा खेळ कुणी पाहिलेला नव्हता. मनीच्या आधी कुणी मुलगी तो खेळली नव्हती, त्यामुळे चांगलं खेळणं म्हणजे काय हेही कुणाला माहीत नव्हतं. लोक बघायला यायचे आणि मुलींच्या चड्ड्या बघून जायचे. खेळताना अर्धी चड्डी घालावी लागे. मी तिला खाली लांब काळी घालायला लावायची. उन्हात तिच्या मांड्यांना घामोळं यायचं. गावात असेपर्यंत ती घालायची.

पहिल्या स्पर्धेला त्या बंगालकडे गेल्या. मी बरोबर भाकऱ्या, ठेचा आणि केळीचे वेफर दिले. बूट निम्म्या मुलींकडे नव्हते, एक मैदानातून बाहेर आली की दुसरी तेच बूट घालून आत जायची. मनी परतली ती डाव्या भुवईवर तीन टाके घेऊन. मी रडले. ती म्हणाली, "अगं, बघ तरी," आणि फोनवर फोटो दाखवला. कुठल्यातरी वर्तमानपत्रात आलेला होता. ती हवेत होती. तिचा गुडघा दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर, दोन्ही हात वर, बोटं पसरलेली, तोंड उघडं. खाली तिचं नाव आणि दापोऱ्याचं नाव.

मी म्हणाले, "त्या पोरीला लागलं नसेल का?" एवढंच म्हणाले. खरं तर मला तो फोटो पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता आणि तो कुणी बघू नये असंही वाटत होतं.

त्यातूनच तिची निवड झाली. ऑस्ट्रेलियात खेळायला जाणाऱ्या मुलींत तिचं नाव आलं. पण या खेळाला कुणी विचारत नाही, तिकिटाचे निम्मे पैसे ज्याचे त्यानं भरायचे होते. सर गावात आले, मंदिरासमोर उभे राहून हिंदीत बोलले. दापोरा तसं हात आखडून राहणारं गाव नाही. कुणी पाचशे दिले, कुणी शंभर. शाळेच्या बाईंनी दिले, ट्रकवाल्यानं दिले. शांताकाकूंनी पन्नासची नोट दिली आणि म्हणाल्या, "तिकडे सांगजो, गोल शिवून देतो म्हणा." सगळ्यात जास्त मनीचेच होते, दोन हंगामांच्या मजुरीचे अकरा हजार. ते सगळे पैसे तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्याकडे दिले. मनी म्हणाली, "भाभीकडे असू दे. भाभीकडून सुई पण हरवत नाही."

तिकिटाचे पैसे भरायला आठ दिवस उरले होते. असंच ऊन होतं, असाच वास. ह्यांच्या मावसभावानं निरोप न देता पाहुणे आणले. मुलगा देडतलाईचा, कापसाची शेती, घर पक्कं. बरोबर मुलाचे वडील, काका आणि आत्या. मनी बागेतून आली होती. मी तिला मागच्या दारानं घेतली, तोंड धुवायला लावलं, साडी नेसवली, आणि टाक्यांची खूण दिसू नये म्हणून पदर कपाळावर पुढं ओढला. ती म्हणाली, "भाभी, मला जायचं आहे, माहीत आहे ना तुला?"

मी म्हणाले, "नुसतं पाणी देऊन ये. बघितल्यानं लग्न होत नाही."

आत्याबाई हुशार होत्या. पोहे खाता खाता त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. "हे बघा, आमच्या भाच्यानं पाठवलं. खाली तुमच्या गावाचं नाव हाये. मनीषाच लिवलंय. तुमची ती हीच का?"

तोच फोटो. गुडघा, उघडे पाय, उघडं तोंड. खोलीत पुरुष बसलेले. मनी हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, माझ्यापासून दोन हातांवर.

मी म्हणाले, "नाही वो. ती दुसरी मनीषा. वरच्या गल्लीची."

कुणी मला धमकावलं नव्हतं. आत्याबाईंचा आवाजही वाईट नव्हता. 'हाव, आमचीच' म्हटलं असतं तर त्या कदाचित हसल्या असत्या, कदाचित उठून गेल्या असत्या. दोन शब्द होते. मी आयुष्यभर चारचौघांत बोलायला लाजत आले, पण ते खोटं बोलताना मला जराही अडखळायला झालं नाही.

मनीनं तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं नाही. आत गेली.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. आमच्याकडे अशी रीत आहे की दोन्हीकडचे वडीलधारे हो म्हणाले तर दिवस टळू द्यायचा नाही, त्याच संध्याकाळी सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग मागं फिरणं म्हणजे दोन गावांत बोलणं. मावसभाऊ म्हणाला, चांगली माणसं आहेत, आजच उरकू. हे बाजारातून आले, तोवर घरात ठरूनही गेलं होतं. मुलाला अंगठी, कपडे, नारळ, पन्नास माणसांचं जेवण. व्यापाऱ्याकडून केळीचे पैसे यायचे होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं.

"ते तिच्या तिकिटाचे आहेत ना?" हे म्हणाले.

"अजून आठ दिवस आहेत. व्यापाऱ्याचे आले की परत टाकू."

ह्यांनी विचारलं तरी होतं. मी उत्तर दिलं. आणि आता मुख्य ते लिहिते, ज्याच्यासाठी ही वही उघडली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, मी ते चमच्यानं उचकटलं, आणि ते उघडलं तेव्हा मला हायसं वाटलं. ती आता जाणार नाही, असं आतून कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज माझाच होता. मी खंडव्याच्या पुढं कधी गेले नव्हते. ही पोरगी समुद्रापार जाणार, परत येणार ती दुसरीच होऊन, आणि मला ओळखेल की नाही. लोकांना सांगायला माझ्याकडे खूप कारणं होती. रीत, पाहुणे, घाई. ती सगळी खरी होती. पण हायसं वाटलं हेही खरं होतं.

सुपारीला मनी पाटावर बसली. नाही म्हणाली नाही. भावानं शब्द दिला होता, आणि तिला माणसांसमोर भावाची मान खाली घालायची नव्हती. तिची ओटी भरताना माझा हात तिच्या हाताला लागला. तिनं हात काढला नाही, पण तो तिचा हात वाटला नाही.

व्यापाऱ्याचे पैसे आठ दिवसांत आले नाहीत. शेवटच्या दिवशी सर मोटारसायकलवर आले. मी दाराआड उभी राहिले. सर म्हणाले, "मनीषा, आज आखिरी तारीख है. पैसे लाओ, मैं अभी जाके भर देता हूँ."

मनी म्हणाली, "सर, घुटने में दर्द है. मुझसे नहीं होगा."

"घुटने में? परसों तो दौड़ रही थी."

"परसों से ही है."

सरांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग गाडी वळवून गेले. मनी आत आली, माझ्या जवळून गेली, आणि कोपऱ्यातला लाल चेंडू उचलून तिनं कपाटावर ठेवला. मी काही बोलेन म्हणून ती क्षणभर थांबली. मी चूल फुंकायला बसले.

गावाला गुडघ्याचं खरं वाटलं. बायका तेल घेऊन आल्या. कुणी पैसे परत मागितले नाहीत, उलट म्हणाले, राहू द्या, औषधाला होतील. शाळेच्या बाईंनी तर आणखी शंभर दिले. मी ते घेतले. मनी पाय लांब करून बसायची आणि बायका तिचा चांगला गुडघा चोळायच्या.

व्यापाऱ्याचे पैसे पुढच्या महिन्यात आले, पण डब्यात काही गेले नाहीत. लग्नाचं सामान घ्यायचं होतं. आणि श्रावण लागायच्या आत देडतलाईहून निरोप आला की सोयरीक मोडली. आत्याबाईंना कळलं होतं की वरच्या गल्लीत मनीषा नावाची कुणी नाही. त्यांनी म्हणे एवढंच म्हटलं, "पोरगी खेळते त्याचं काही नाही, पण जी भावजय स्वतःच्या पोरीला नाही म्हणते ती आपल्याला काय सांगेल." हे ऐकून मी घमेलं घेऊन बागेत गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाही.

मनी त्याच वर्षी पुढं शिकायला खंडव्याला गेली. नंतर तीन वर्षं खेळली, वेगवेगळ्या राज्यांत गेली, बक्षिसं मिळाली म्हणतात. परदेशात जायचा योग पुन्हा आला नाही. मग खरोखरच गुडघा गेला. हे तिनं मला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "टेन्शन मत ले भाभी, अबकी बार सच्ची है." मी हसायला हवं होतं, म्हणून हसले.

पैसे परत करायचे हे मी सोयरीक मोडल्यावर ठरवलं. ह्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला वेफरचा एक छोटा कारखाना आहे, तिथं कच्ची केळी सोलायला जाऊ लागले. दिवसभर सोलायची. चिकानं बोटं काळी होतात, तेल लावून घासली तरी नखांत राहतं. मजुरी घरी देऊन उरेल ते बाजूला. कुणी किती दिले ते मला पाठ होतं, लिहायची गरज नव्हती.

पैसे देणं सोपं होतं. अवघड होतं ते सांगणं. नुसते दिले असते तर लोकांनी गुडघ्याचेच समजले असते. म्हणून मी प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं की गुडघा बरा होता, पैसे मी सुपारीत घातले. पहिलं दार शांताकाकूंचं होतं. काकूंनी पन्नासची नोट उन्हाकडे धरून पाहिली.

"म्हणजे मी महिनाभर चांगल्या गुडघ्याला तेल चोळलं?"

"हाव, काकू."

"तेलाचे वेगळे दे मग."

मी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली नेऊन दिली. त्यांनी ठेवून घेतली. त्या दिवशी मला बरं जेवण गेलं. जे "जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट" म्हणायचे त्यांच्या घरून येताना पाय जड व्हायचे. शाळेच्या बाईंनी नोटा घेतल्या आणि दार लावलं. ट्रकवाला हसला, म्हणाला, "मावशी, लोक लाखो खाऊन ढेकर देत नाहीत." मला ते बोलणं आवडलं नाही. त्यात माझी जागा कुठं आहे ते कळत होतं.

असे सहा हंगाम गेले. बाहेरच्यांचे सगळे आधी दिले, घरचीचे शेवटी ठेवले. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता वाटतं, घरच्या मुलीला शेवटी वाढायची सवय हाताला असते, तीच ती.

गेल्या रविवारी मी नेपानगरला गेले. मनी आता तिथं एका शाळेत खेळ शिकवते, खोली घेऊन एकटी राहते. गाडीत बसले, चांदनी स्टेशन गेलं, डोंगर जवळ आले. पैसे बियाण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरले होते. तिच्या खोलीत खाट, गॅस आणि कपडे वाळत घातलेली दोरी. तिनं चहा केला. भुवईवरची खूण पांढरी झाली आहे. पदर नव्हता, सगळी दिसत होती.

मी पिशवी पुढं केली. "तुझे. अकरा हजार. हे शेवटचे."

तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. "मला वाटलं होतं, माझे तू हिशेबात धरलेच नसशील."

"धरले होते."

"त्या दिवशी मी दारातच होते, भाभी."

"माहीत आहे. मला दिसत होतीस. दिसत होतीस तरी म्हणाले. आणि डबा उघडताना मला बरं वाटलं होतं, तू जाणार नाहीस म्हणून. हे कुणाला सांगितलं नाही. तुझ्या भावालाही नाही."

बाहेर कुणीतरी नळावर हंडा भरत होतं, तो भरत आल्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं ती म्हणेल, राहू दे, तूच मला वाढवलंस, तुझ्याकडून काय घ्यायचं. गाडीत येताना मी ते वाक्य कितीदा ऐकलं होतं. त्यावर मी काय म्हणायचं, कसं दोनदा आग्रह करायचा, तेही ठरवलं होतं.

मनीनं चहाचा कप खाली ठेवला. पिशवीची गाठ सोडली, नोटा बाहेर काढल्या, बोट जिभेला लावलं आणि मोजायला लागली. ओठ हलत होते. लहान असताना पाढे म्हणताना हलायचे तसे. मध्ये एकदा चुकली, सगळ्या एकत्र करून पहिल्यापासून मोजल्या. काही नोटा दहा-वीसच्या होत्या, त्याला वेळ लागला. मी हलले नाही.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. नोटा सारख्या करून तिनं खिशात घातल्या आणि चेन ओढली.